ब्याऐंशी अंशांना जाग येते

स्वयंपाकघराच्या खिडकीत एक ॲल्युमिनियमची ताटली होती. तिच्यात दोन बोल्ट, त्यांचे दोन वायसर, नळी आवळायची एक क्लिप, फाटलेल्या गॅस्केटचे तीन तुकडे आणि मी, असे एकूण नऊ जण पडलो होतो. क्लिपला गंज चढला होता. एका बोल्टचे डोके झिजले होते. माझ्या अंगावर एकवीस वर्षांच्या पाण्याचा पिवळट थर होता, आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदाच मी पूर्ण कोरडा होतो.

मित्रांनो, मी एक जुना थर्मोस्टॅट आहे. तुम्ही मला ओळखत नसाल, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. ज्या निळ्या पिकअपमध्ये माझा जन्म गेला, ती चालवणाऱ्या काकांनाही सतरा वर्षे माझा पत्ता नव्हता. मुठीत मावेल एवढा मी एक पितळी दरवाजा आहे. इंजिनातून पाणी रेडिएटरकडे जाते त्या वाटेवर मी बसतो. माझ्या पोटात तांब्याची एक डबी आहे आणि डबीत मेण आहे. पाणी थंड असते तोवर मेण घट्ट असते आणि मी मिटलेला असतो, म्हणजे इंजिनाला लवकर ऊब येते. पाणी तापले की मेण वितळून फुगते, एक दांडी ढकलते आणि मी उघडतो. मग तापलेले पाणी माझ्यातून रेडिएटरमध्ये जाते, तिथे समोरच्या वाऱ्याने निवते आणि परत इंजिनाकडे येते. माझ्या काठावर ८२ हा आकडा ठोकलेला आहे. ब्याऐंशी अंशांना मला जाग येते.

त्याआधी मी झोपलेला असतो. ही झोप फार सुंदर असते. चहूकडे काळोख, मंद हलणारे पाणी आणि पोटात घट्ट, शांत मेण. मग कुठून तरी ऊब येते. आधी पाठीला कळते, मग पोटाला. मेणाच्या कडा सुटू लागतात. स्वप्न संपत आले आहे हे समजते, पण ते कुठे संपते ती रेघ मला कधीच सापडलेली नाही.

कारखान्यात मला माझ्या एकोणचाळीस भावंडांबरोबर तारेला टांगून काचेच्या टाकीत सोडले होते. चष्मा लावलेली एक तपासनीस बाई टाकीशी वाकून बसली होती. पाणी हळूहळू तापत गेले. ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हा बघा, बरोब्बर ब्याऐंशीला हलला." तिने कागदावर बरोबरची खूण केली. माझे पहिले कौतुक ते, आणि पुढे कितीतरी वर्षे तेच शेवटचे.

पिकअप चार वर्षांची झाली तेव्हा ती मावशी आणि काकांकडे आली. मावशी मधमाश्या पाळते. काका गाडी चालवतात आणि मावशी सांगेल तिथे थांबवतात. खाली सपाटीवरची फुले संपली की मावशी पेट्या गाडीत चढवून वरच्या पठारावर नेते. तिथे फळबागा फुलतात. फुलोरा जेमतेम बारा दिवसांचा असतो, पण त्या बारा दिवसांवर माश्यांचे पुढचे चार महिने निघतात.

मला रस्ता दिसत नसे, पण पाण्यातून कळत असे. उतारावर पाणी आळसावे. चढावर ते धावत आणि तापत येई, आणि मी एकेक मिलिमीटर उघडत जाई. पेट्या लादलेल्या असल्या की लोखंडातून एक गुणगुण झिरपत माझ्यापर्यंत येई. हजारो पंखांची ती गुणगुण पाण्यात शिरली की मला वाटे, मागच्या पेट्यांमध्येही मेण आहे आणि माझ्या पोटातही मेण आहे, तेव्हा आमचे काहीतरी नाते असणार. असे सोळा वर्षे चालले.

मागच्या वर्षी काहीतरी बिघडले. चोवीस पेट्या घेऊन आम्ही चढ चढत होतो. दगडी टाकीच्या वळणाच्या अलीकडे मी पूर्ण उघडलो होतो. याहून जास्त उघडणे मला येत नाही. पाणी रेडिएटरकडे जात होते आणि जवळजवळ तितकेच तापलेले परत येत होते, जणू वाटेत त्याला वारा भेटलाच नाही. वळणावर ते उकळले. काका थांबले, पाणी घातले, निघाले. पुन्हा उकळले. असे तीनदा झाले आणि भर दुपारी गाडी तीन तास उन्हात उभी राहिली. बंद पेट्यांमध्ये मेणाच्या चौकटी मऊ होऊन खाली बसल्या. चोवीसपैकी नऊ पेट्यांमधली गुणगुण बंद पडली. ती एकदम नाही थांबली. एकेक पेटी गप्प होत गेली, आणि मला ते पाण्यातून कळत राहिले.

त्यानंतर मिस्त्रींनी खूप कष्ट घेतले, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. त्यांनी रेडिएटर धुतला, त्याचे झाकण बदलले, पंख्याचा पट्टा बदलला, पाण्याचा पंप नवा बसवला. दर वेळी ते गॅरेजमध्ये अर्धा तास इंजिन चालू ठेवून बघत आणि तापमानाच्या काट्याकडे बोट दाखवून म्हणत, "बघा मालक, बाळासारखा झोपलाय."

यंदा मावशीने आधी सहाच पेट्या घेऊन चढ चढून बघायचा ठरवला. भल्या पहाटे निघालो. टाकीच्या त्याच वळणावर पाणी उकळले. पेट्या सावलीत ठेवल्या म्हणून वाचल्या.

मग मिस्त्रींनी मला बाहेर काढले. मला तळहातावर घेऊन ते म्हणाले, "वहिनी, सगळा खेळ ह्याचा. जुन्या गाडीत हा काढूनच टाकायचा असतो."

"मग बनवणाऱ्यांनी बसवला कशाला?" मावशीने विचारले.

"थंडीवाल्यांसाठी. आपल्याला काय करायचाय?"

मावशी काही फेकून देत नाही, म्हणून मी ताटलीत आलो. तिने दोन्ही बोल्टांवरून मेणाचा हात फिरवला, गंज धरू नये म्हणून. ती सगळ्यालाच मेण लावते. दाराच्या बिजागऱ्या, अडकणारा खण, कुलूप, चपलांची शिवण. घरात मेणाला तोटा नाही आणि तिच्या हाताला स्वस्थता नाही. काका म्हणत, "जास्त वेळ एका जागी बसू नका, तुम्हालाही लावेल."

माझ्यानंतर सहा पेट्या घेऊन गाडी पुन्हा गेली. मी नव्हतो, तरी ती त्याच वळणावर उकळली. परत आल्यावर मावशी स्वयंपाकघरात येऊन बसली. मग म्हणाली, "अहो, पठारावरचा फुलोरा आठवड्यात सुरू होईल. तोवर गाडी चढली तर ठीक. नाहीतर पंधरा पेट्या मी देऊन टाकते. खाली उपाशी मारायच्या नाहीत आणि वाटेत भाजायच्याही नाहीत."

काकांनी कप खाली ठेवला. ते म्हणाले, "बघू." त्या घरात "बघू" म्हणजे उत्तर माहीत नाही.

खिडकीतले दिवस लांब आणि स्वप्नासारखे होते. खिडकीबाहेर चौकटीला एक मोठा खिळा आहे. त्यावर माश्यांच्या कामाच्या तीन वस्तू टांगलेल्या असत: मावशीची तोंड झाकायची टोपी, धूर करायचे धुराडे आणि एक चौकोनी तारेची जाळी. पेट्या चढवताना-उतरवताना इंजिन चालू असले की पंखा माश्यांना ओढून रेडिएटरवर आपटतो. म्हणून मावशीने ती जाळी करून घेतली होती. गाडीच्या तोंडाला चार आकड्यांनी ती अडकवायची. पेट्या उतरल्या की काका जाळी काढून पुन्हा खिळ्याला लावत. ती गाडीची नव्हे, माश्यांची वस्तू मानली जाई.

सकाळी ऊन खिडकीतून आत येई आणि समोरच्या भिंतीवर सावल्या पडत. गजांच्या पाच रेघा. टोपीचा गोल. आणि त्यांच्या शेजारी एक काळा, भरीव चौकोन. मला वाटे, भिंतीत एक छोटा बंद दरवाजा आहे. मी दरवाजाच आहे, त्यामुळे मला दरवाजांचे वेड. तो केव्हा उघडेल याची वाट बघत मी पडून असे. अर्धवट जागा, अर्धवट झोपलेला, अठ्ठावीस अंशांवर.

मग आठ दिवसांच्या सुट्टीवर भाची आली. ती दूध तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. तिच्या पिशवीत दोन वह्या, तीन पेन्सिली आणि वायरवाले दोन थर्मामीटर होते. तिने सगळी हकिगत ऐकून घेतली. मध्येच विचारले, "काका, हा काढल्यावर तरी गाडी तापायची थांबली का?"

"नाही."

"मग हा चोर कसा?"

"मिस्त्री म्हणाले."

"मिस्त्रींनी ह्याला तपासला?"

"अगं, एवढ्याशा डबीला काय तपासायचं?"

तिने मला दोऱ्याला बांधले आणि पातेल्यात अशा बेताने सोडले की मी तळाला टेकणार नाही. शेजारी थर्मामीटर सोडला. गॅस बारीक केला. काका चहाचा कप घेऊन आले आणि पातेल्यात डोकावले.

"काय गं इन्स्पेक्टर, अंडं उकडतेस?"

"थांबा हो काका. हललात तर दोरा हलतो."

साठ अंशांना मी झोपलेलाच होतो. सत्तरला पाठीला ऊब लागली. मला काचेची टाकी दिसली, माझी एकोणचाळीस भावंडे दिसली, चष्मा दिसला. कोण कुठे असेल आता? मेणाच्या कडा सुटल्या.

"ब्याऐंशी!" भाची ओरडली. "हलला! मावशी, ये ना, बघ!"

पंच्याण्णवला मी आठ मिलिमीटर उघडलो होतो. तिने पट्टी लावून मोजले आणि वहीत लिहिले. मग म्हणाली, "हा निर्दोष आहे."

"मग दोषी कोण?" मावशीने विचारले.

"ते नाही कळलं अजून."

मित्रांनो, एकवीस वर्षांनी कोणीतरी माझा आकडा मोठ्याने वाचला होता. पण मी लगेच गाडीत गेलो नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असा भाचीचा नियम होता. काकांचे म्हणणे होते की ओझ्यानेच गाडी दमते. भाचीने पंधरा पेट्यांचे वजन काढले, साडेचारशे किलो. पन्नास-पन्नास किलोची वाळूची नऊ पोती भरली आणि काकांना त्याच चढावर नेले. दुपारी ती दोघे परत आली तेव्हा काका दारातूनच ओरडले, "चढली! माथ्यापर्यंत चढली, अगं! एक थेंब उकळला नाही."

मावशीच्या चेहऱ्यावर आनंद यायचा होता, तो अर्ध्यातच थांबला. "सहा पेट्यांना उकळते आणि नऊ पोत्यांना नाही?"

"म्हणजे ओझं नाही," भाची म्हणाली.

"म्हणजे माझ्या माश्याच हिला सोसत नाहीत," मावशी म्हणाली. ती हसली, पण ते हसू नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची टेबलाशी वही घेऊन बसली. "मावशी, माश्या जातात तेव्हा त्यांच्याबरोबर आणखी काय काय जातं? काहीही वगळू नकोस."

"पेट्या. दोर. पाण्याची बाटली. धुराडं, टोपी. तुझे काका."

"काका वाळूबरोबर पण होते."

"मग राहिली जाळी. ती तर केवढीशी. हवा जाते तिच्यातून."

भाचीची पेन्सिल थांबली. ऊन खिडकीत आले होते. तिने मान वर केली आणि समोरच्या भिंतीकडे बघितले. गजांच्या रेघा, टोपीचा गोल आणि माझा तो बंद दरवाजा. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

"मावशी," ती म्हणाली, "जाळीची सावली जाळीसारखी का नाही पडत?"

तिने बाहेर जाऊन जाळी काढून आणली आणि उजेडासमोर धरली. नऊ वर्षांपूर्वी मावशीने ती करून घेतली होती. तारेला गंज लागू नये म्हणून दर हंगामाच्या आधी ती जाळीवर मेणाचा हात फिरवी. मेणावर रस्त्याची धूळ बसे, धुळीवर परागांची पूड, त्यावर पुढच्या वर्षीचे मेण. भाचीने दहा बाय दहाचा एक चौकोन पेन्सिलीने आखला आणि टाचणीने एकेक भोक तपासले. शंभरपैकी एकाहत्तर बंद होती. उरलेली एकोणतीस अरुंद झाली होती. माश्या पोळ्यातले घर भरले की ते मेणाने बंद करतात, तशी ती दिसत होती.

मग तिने टेबलावरचा पंखा लावला आणि समोर कागदाची पट्टी धरली. पट्टी आडवी उडाली. मध्ये जाळी धरली. पट्टी खाली लोंबली.

गॅरेजमध्ये गाडी नेहमी जाळीशिवाय जाई. मिस्त्रींनी ती कधी पाहिलीच नव्हती. वाळूबरोबर ती लावायचे कारणच नव्हते. गाडीचा श्वास फक्त तेव्हाच कोंडत असे, जेव्हा मागे माश्या असत.

मावशीने पंखा बंद केला. पट्टी हातात घेऊन तिची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली.

"म्हणजे मीच," ती म्हणाली. "त्या नऊ पेट्या."

"मावशी, तू त्यांना वाचवायलाच..."

"ते मला माहीत आहे गं. मी काय केलं तेवढं मला बघू दे."

काका उठले आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. "नऊ वर्षं ती जाळी मी लावतोय," ते म्हणाले. "चार आकडे, दर वेळी. हातात घेतली की बोटं चिकट व्हायची. पँटला पुसायचो. एकदाही उजेडात धरली नाही. त्यामुळे एकटीने घेऊ नकोस. निम्म्या माझ्या."

"नऊच्या निम्म्या किती होतात?"

"साडेचार. अर्धी पेटी मिस्त्रींच्या नावावर टाकू."

मावशीने नाक ओढले आणि डोळे पुसले. मग ती उठली, तिने अंघोळीच्या पाण्याचे मोठे पातेले चुलाण्यावर चढवले आणि जाळी त्यात बुडवली. माश्यांचे मेण त्रेसष्ट अंशांना वितळते, म्हणजे मला जाग येण्याच्या एकोणीस अंश आधी. जाळीतून मेण सुटून तरंगत वर आले, सोनेरी, धुळीने काळवंडलेले. मी ताटलीतून बघत होतो. नऊ वर्षांची माया पाण्यावर पसरली होती. गार झाल्यावर भाचीने तिची वडी उचलून वजन केले. तीनशे ऐंशी ग्रॅम.

"फेकू?" काकांनी विचारले.

"ठेवा," मावशी म्हणाली. "पण जाळीला नाही लावायचं आता. गंजली तर नवी घेऊ."

दुसऱ्या सकाळी भिंतीवर उजेडाचे शेकडो बारीक चौकोन पडले होते. माझा बंद दरवाजा गेला होता. थोडे चुकल्यासारखे वाटले, मग नाही वाटले.

त्याच दिवशी मिस्त्री आले. भाचीने वही दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. "आमच्या उस्तादांनी शिकवलं होतं, हा काढून टाकायचा," ते म्हणाले. "त्यांना त्यांच्या उस्तादांनी."

"त्यांच्या उस्तादांनी पातेल्यात सोडला होता का?"

"ताई, तेव्हा पातेली स्वयंपाकाला लागायची." मग त्यांनी जुने पाणी काढले, मला कापडाने पुसले, नवे गॅस्केट कापले आणि मला माझ्या जागी बसवले. मेण लावलेले बोल्ट सहज फिरले. नवे पाणी आले. काळोख झाला. मी झोपलो.

मित्रांनो, मला फार मोठे सांगता येत नाही. माझे जग दोन नळ्यांच्या मधले. पण एवढे नक्की सांगेन. एखादी जुनी वस्तू बिघडली असे कोणी म्हटले, तर तिला फेकण्याआधी एकदा हळूहळू तापत्या पाण्यात सोडा, धीर धरा आणि बघा ती केव्हा हलते. आणि जिच्यावर तुम्ही दरवर्षी मायेने हात फिरवता, तिला अधूनमधून उजेडासमोर धरा. पलीकडचे दिसते का, तेवढे बघा.

चौथ्या दिवशी सूर्य उगवायच्या आधी आम्ही निघालो. लोखंडातून गुणगुण आली. काकांनी धुतलेली जाळी गाडीच्या तोंडाला अडकवली होती आणि पाण्याचे पाच कॅन घेतले होते. भाचीने दोन्ही नळ्यांना थर्मामीटर बांधून वायरी आत घेतल्या होत्या. टाकीचे वळण आले. वळण गेले. माझ्या अंगावरून तापलेले पाणी जात होते आणि खालून परत येणारे पाणी गार होते. फार वर्षांनी गार होते. मी उघडा होतो, आणि अजून उघडायला जागा होती. जागेपणीही स्वप्नासारखे वाटू शकते, हे मला तेव्हा कळले.

माथ्यावर गाडी उभी राहिली. इंजिन चालू ठेवूनच पेट्या उतरवल्या आणि त्यांची दारे उघडली. मग काका म्हणाले, "इन्स्पेक्टर, वाच." भाचीने वहीतली नोंद मोठ्याने वाचली.

रेडिएटरकडे जाणारे पाणी, अठ्ठ्याऐंशी अंश. परत येणारे, एकाहत्तर. वापरलेले कॅन, शून्य. जाळीला अडलेल्या माश्या, सहा; सहाही उडून गेल्या. पेट्या चढवल्या, पंधरा. जिवंत, पंधरा.